२८१५ शब्दांत बसवा

माझं टेबल नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, जिल्हा न्यायालयाच्या बाजूला. एक छत्री, एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि मागच्या पानठेल्यावरून ओढलेली वायर. आधी रेमिंग्टनचं टाइपरायटर होतं, मग कॉम्प्युटरवर कृतिदेव फॉन्ट आला, आता युनिकोड. बोटं मात्र अजून रेमिंग्टनचीच आहेत. शपथपत्र, भाडेकरार, नाव बदलाची जाहिरात, वारसाचा अर्ज, जे येईल ते टाईप करते. इंग्रजी बरं असल्यामुळे भाषांतराची कामंही येतात. हायकोर्टात जाणाऱ्या मराठी कागदांची इंग्रजी करायची, पानामागे पैसे घ्यायचे, खाली ‘सत्य भाषांतर’ असा शिक्का मारायचा.

मार्च २०२२ मध्ये एक मुलगा आणि एक मुलगी आली. एका छोट्या संस्थेची, पंचविशीच्या आतबाहेरची. अकरा जबाब होते. विदर्भातल्या वेगवेगळ्या पारधी बेड्यांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, माणसांचे, पोलीस ठाण्यात काय झालं त्याचे. फोनवर रेकॉर्ड करून कुणीतरी मराठीत उतरवून काढलेले. “मॅडम, याचं इंग्रजी करायचं आहे. जिनिव्हाला पाठवायचं आहे.”

मी आधी दर सांगितला. मग विचारलं, जिनिव्हाला म्हणजे कुणाला?

मुलगी बोलकी होती. तिनं सांगितलं की संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत दर साडेचार-पाच वर्षांनी प्रत्येक देशाची पाळी येते. त्या देशानं मानवाधिकारांचं काय केलं, हे बाकीचे देश त्याला समोर बसवून विचारतात. भारताची पाळी नोव्हेंबरात होती. त्याआधी तीन कागद तयार होतात. एक सरकारचा स्वतःचा अहवाल. दुसरा, राष्ट्रसंघाच्याच वेगवेगळ्या समित्यांनी त्या देशाबद्दल जे म्हटलं त्याचं संकलन. आणि तिसरा आपल्यासारख्या बाहेरच्या लोकांनी, संस्थांनी पाठवलेल्या माहितीचा सारांश. “आपण तिसऱ्यात आहोत,” ती म्हणाली. ‘आपण’ म्हणाली, हे मला तेव्हाच खटकलं. मी तर पानावर पैसे घेणारी.

मग तिनं अट सांगितली. एकट्या संस्थेनं पाठवायचं तर २८१५ शब्द. अनेक संस्थांनी मिळून पाठवलं तर ५६३०. त्याच्या वर एक शब्द नाही. तळटिपा त्यात धरत नाहीत, एवढीच काय ती सूट. आणि मराठी चालत नाही. राष्ट्रसंघाच्या अधिकृत भाषा सहा, त्यात हिंदीही नाही, तर आपली कुठून असणार.

मी अकरा जबाबांचे शब्द मोजले. मोजायला काय लागतं, कॉम्प्युटर सांगतो. चौदा हजारांच्या वर होते.

“आणि हे सगळं पाठवून होतं काय?” मी विचारलं. एकवीस वर्षं कोर्टाच्या दारात बसलेल्या बाईला हा प्रश्न सुटत नाही. मुलगा तोवर गप्प होता. तो म्हणाला, “काही नाही होत, मॅडम. पण विचारतात.”

त्याच्या या उत्तराचा मला त्या दिवशी राग आला होता.

नागपूरच्या माणसाला आयोग म्हटलं की आधी गोवारी आठवतात. २३ नोव्हेंबर १९९४. विधानभवनावर गोवारी समाजाचा मोर्चा, चेंगराचेंगरी, ११४ जीव गेले. बायका आणि लेकरं जास्त. मी तेव्हा कॉलेजात होते, मॉरिस कॉलेजच्या बाजूनं घरी येताना रस्त्यावर चपलांचे ढीग पाहिलेत. मग न्यायमूर्तींचा आयोग बसला. बसला म्हणजे खरंच बसला. साक्षी झाल्या, अहवाल झाला. आज सीताबर्डीवरून जो उड्डाणपूल जातो त्याला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. रिक्षावाले त्याला नुसतं ‘उड्डाणपूल’ म्हणतात. तर आयोग हा शब्द कानावर आला की माझ्या मनात पुलाचं चित्र येतं. खालून माणसं जातात, वरून गाड्या.

त्यामुळे ते काम घेतलं ते कामासारखं. पण रात्री जेवणं झाली की मोबाईलवर वाचायला लागले, हे जिनिव्हावाले आहेत तरी कोण म्हणून. वाचत गेले आणि सगळ्यात आधी हसूच आलं. राष्ट्रसंघाचा पहिला मानवाधिकार आयोग १९४६ साली झाला. लगेच जगभरातून तक्रारींची पत्रं यायला लागली. आयोगानं १९४७ मध्ये ठरवून टाकलं की कुठल्याही तक्रारीवर काही कारवाई करायचा अधिकार आम्हाला नाही. ठरावच केला तसा. आपल्या तहसीलमध्ये खिडकीवरचा बाबू म्हणतो ना, “हे आपल्याकडे येत नाही,” अगदी तसं. बरं, त्याच आयोगानं १९४८ चा जाहीरनामा लिहिला. सगळ्या जगाला हक्क वाटायचे आणि कुणी हक्क गेला म्हणून आला की खिडकी बंद. वीस वर्षं असं चाललं. १९६७ ला दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदामुळे नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांनी रेटा लावला, तेव्हा कुठे एखाद्या देशाची परिस्थिती तपासायची मुभा मिळाली. १९८० मध्ये बेपत्ता केलेल्या माणसांसाठी पहिला कार्यगट झाला. २००६ मध्ये जुना आयोग मोडून ४७ देशांची परिषद आली आणि सगळ्यांची पाळीपाळीनं झडती घ्यायची ही पद्धतही तेव्हाचीच. परिषदेत निवडून येणाऱ्या देशांची नावं वाचली तर दारूबंदीच्या समितीत भट्टीवाले बसवल्यासारखं वाटतं कधीकधी. ते असो.

एक गोष्ट मात्र वाचली आणि झोप गेली.

अर्जेंटिनामध्ये १९७६ पासून लष्कराची सत्ता. माणसं उचलायची आणि ती नाहीशी व्हायची. ठाण्यात विचारायला गेलं की आमच्याकडे नाही. कोर्टात गेलं की नोंद नाही. अमेरिका खंडातल्या देशांचा एक स्वतःचा मानवाधिकार आयोग आहे, १९५९ सालचा. तो सप्टेंबर १९७९ मध्ये ब्यूनस आयर्सला गेला, दोन आठवडे राहिला. लष्करानंच आमंत्रण दिलं होतं, दबावापोटी का होईना. ‘अवेनिदा दे मायो’ नावाच्या रस्त्यावर एका कार्यालयात तक्रारी घ्यायला बसले. बाहेर रांग लागली. रांगेत बहुतेक बाया. हातात मुलांचे फोटो.

आता योगायोग पाहा. आयोग पोहोचला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिकडे टोकियोत अर्जेंटिनाच्या पोरांनी युवा फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. मॅराडोना होता त्या संघात. शहर रस्त्यावर आलं. रेडिओवरच्या एका प्रसिद्ध निवेदकानं लोकांना चिथावलं की त्या रस्त्यानंच जा, त्या आयोगातल्या पाहुण्यांना आपला खरा देश दाखवा. गाड्यांवर लावायला स्टिकर वाटले होते, आम्ही अर्जेंटिनावाले सरळ आणि माणुसकीवाले आहोत अशा अर्थाचे, मानवाधिकार या शब्दावरच कोटी करून. भोंगे वाजवत, झेंडे नाचवत माणसं त्या रांगेजवळून गेली. बाया रांगेतून हलल्या नाहीत.

५५८० तक्रारी घेतल्या त्यांनी त्या दोन आठवड्यांत.

माझं डोकं इथे टायपिस्टचं चालतं. ५५८० तक्रारी म्हणजे रोजच्या चारशेच्या आसपास. प्रत्येकीला नाव विचारायचं, नात्याचं नाव, तारीख, कुठून उचललं, कपडे कोणते होते, कुणी पाहिलं. कुणीतरी ते टाईप केलं असणार. कार्बन लावून. त्या काळी कार्बनच. आयोगानं कुणाला सोडवून आणलं का, तर फार थोड्यांना. एप्रिल १९८० मध्ये अहवाल आला, लष्करानं तो देशात फिरू दिला नाही. पण १९८३ मध्ये लष्कर गेलं, नव्या सरकारनं स्वतःचा आयोग नेमला, १९८५ मध्ये लष्करशहांवर खटला उभा राहिला. तेव्हा ‘नोंद नाही’ असं म्हणायची सोय राहिली नव्हती. नोंद होती. चारशे रोजच्या हिशेबानं केलेली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला सांगितलं, पानाचा दर निम्मा घेईन. बाकी काही बोलले नाही.

मग काम सुरू झालं आणि खरी अडचण समोर आली.

जबाबांत मार या एका गोष्टीला किती शब्द होते! हाणलं, कुटलं, झोडपलं, बदडलं, सोलून काढलं. बेड्यावरची माणसं हे शब्द काही उगीच बदलत नाहीत. हाणलं म्हणजे दोन-चार. कुटलं म्हणजे मुठीनं, बसवून. सोलून काढलं म्हणजे पट्ट्यानं. एका म्हाताऱ्याच्या जबाबात होतं, “मले नुसतंच हाणलं, पोराले कुटलं.” त्यात त्याची तक्रारही होती आणि हिशेबही. मी इंग्रजीत प्रत्येक वेळी वेगळा शब्द शोधायला लागले. मुलानं पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, सगळीकडे एकच लिहा. टॉर्चर.”

मी म्हटलं, मार तो मार, छळ तो छळ.

तेव्हा त्यानं समजावलं आणि ते मला पटलं. राष्ट्रसंघाचा छळविरोधी करार आहे, १९८४ चा. भारतानं त्यावर सही केली १९९७ मध्ये, तारीख १४ ऑक्टोबर. (नागपूरच्या माणसाला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. दीक्षाभूमीवर १९५६ ला जे घडलं त्याच तारखेला दिल्लीनं ही सही करावी, याला काय म्हणायचं!) पण सही म्हणजे साखरपुडा. लग्न म्हणजे तो करार संसदेतून, कायद्यातून पक्का करणं. ते आजवर झालेलं नाही. २०१० मध्ये लोकसभेनं विधेयक मंजूर केलं, राज्यसभेनं ते निवड समितीकडे दिलं, पुढे ते बारगळलं. आपल्या दंड संहितेत कबुली काढण्यासाठी इजा करण्याला कलम ३३० आणि ३३१ होती, पण छळ नावाचा वेगळा गुन्हा नव्हता. जिनिव्हात भारताला दर वेळी हेच विचारतात, पक्का कधी करता? मग आपल्या कागदात तोच शब्द असला तर तो त्या प्रश्नाला जाऊन लागतो. कुटलं म्हटलं तर कुठेच लागत नाही.

म्हणून मी सगळीकडे एकच शब्द टाईप केला. म्हाताऱ्याचा हिशेब गेला.

सातव्या क्रमांकाचा जबाब एका मावशीचा होता. तिच्या पोराला चोरीच्या संशयावरून उचललं होतं. कधी, तर ‘मारबतीच्या दिवशी’. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळ्या-पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे मिरवणुकीनं निघतात, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत माणसं मागे धावतात. जिनिव्हाला मारबत काय कळणार. मी कॅलेंडर काढलं, २०१९ चा पोळा ३० ऑगस्टला, म्हणून ३१ ऑगस्ट २०१९ लिहिलं. तीन दिवस पोरगा आत होता. डाव्या हाताचं बोट अजून वळत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे का गेला नाहीत, असं मी मुलीला विचारलं. तर १९९३ च्या आपल्या कायद्यात घटनेपासून एक वर्षाच्या आतच तक्रार घ्यायची अट आहे. मावशीला असा काही आयोग आहे हे कळेपर्यंत कोरोना येऊन गेला होता. तिची इथली खिडकी बंद झाली होती, म्हणून तिचा कागद एवढ्या लांब चालला होता.

तिच्या जबाबात बकरीचा उल्लेख तीनदा होता. पोराला सोडवायला तिनं दोन बकऱ्या विकल्या. एक गाभण होती. गाभण बकरीचे पैसे जास्त यायला पाहिजेत, पण घेणाऱ्यानं गरज ओळखली आणि पाडून मागितली. मार पोरानं खाल्ला, पण मावशीचं बोलणं दर वेळी फिरून त्या बकरीवर येत होतं. सुरुवातीला बकरी, मधे बकरी, शेवटी बकरी.

अकरा जणांचे २८१५ शब्द, त्यातले पाचशे तर प्रस्तावना आणि शिफारशींनाच हवेत. प्रत्येकाच्या वाट्याला दोनशे दहा. मावशीच्या जबाबात तारीख हवी, किती वेळ कोठडीत, मॅजिस्ट्रेटपुढे चोवीस तासांत नेलं की नाही, डॉक्टरी तपासणी झाली की नाही, इजा कोणती, गुन्हा दाखल झाला की नाही. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये डी. के. बसूंच्या खटल्यात अटकेचे जे नियम घालून दिले, ते एकेक करून कसे मोडले, ते हवं. बकरी कुठेच बसेना. मी एकदा तळटिपेत टाकून पाहिली. मुलीनं प्रेमानं काढून टाकली.

त्याच आठवड्यात मावशी स्वतः आली. मुलीनंच आणली होती, जबाब वाचून दाखवायचा म्हणून. मी तिला तिचा मराठी मजकूर वाचून दाखवला, बकरीसकट. पोलिसांच्या जबाबाखाली एक ठरलेलं वाक्य असतं, ‘माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.’ माझ्या हातानं ते वाक्य हजार वेळा टाईप झालं असेल. खरोखर वाचून दाखवल्याचं मी क्वचितच पाहिलंय.

ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, “ताई, हे जिनिवाले जाईन म्हंते. तिथला साहेब इथं येईन का जी?”

मी म्हटलं, नाही मावशी, कुणी येणार नाही. आपल्या सरकारला तिथं बोलावून विचारतील.

“माह्या पोराचं नाव घेऊन?”

नाव नाही. नावं आम्ही काढली होती. हे कागद राष्ट्रसंघाच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसतात. उद्या इथं कुणी वाचलं आणि बेड्यावर जाऊन त्रास दिला तर? म्हणून ती ‘क्रमांक ७’. मी हे तिला समजावून सांगितलं.

तिला काही ते आवडलं नाही. “नाव नाही टाकलं तं मंग थे कोनाचं हाय? कोनाचंबी होते थे.”

मुलगी तिची समजूत घालत राहिली. ती काही बोलली नाही, अंगठ्याऐवजी सही करते म्हणाली, आणि वळणदार सही केली. चौथीपर्यंत शिकलेली आहे.

मला त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तिथल्या काळ्या लोकांनी राष्ट्रसंघाकडे अर्ज दिल्याचं त्यांच्या वाचण्यात आलं होतं. आपले अस्पृश्यही तसंच करायचा विचार करत आहेत, त्या अर्जाच्या प्रती पाठवाल का, असं त्यात विचारलेलं. डु बॉइस यांनी उत्तर दिलं, सहानुभूती कळवली. १९४६, म्हणजे आयोग नुकता जन्मलेला. वर्षभरात ‘आम्हाला अधिकार नाही’ म्हणणारा तोच. आणि बाबासाहेब आयोगांना नवखे नव्हते. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे आणि १९२८ मध्ये, सगळा देश ‘सायमन परत जा’ म्हणत असताना, त्यांनी सायमन आयोगापुढे साक्ष दिली होती. शिव्या खाल्ल्या त्यासाठी. समोर जो लिहून घ्यायला बसलाय तो आपल्याला काही देईल याच भरवशावर ते गेले असतील, असं मला वाटत नाही. लिहून तर घेईल. आपला समाज म्हणून वेगळा, आकड्यासकट. पण त्यांची साक्ष त्यांच्या नावानं होती. मावशीची क्रमांक सातच्या.

कागद गेला. शब्द २८०९ भरले. सहा शब्द उरले होते, आणि मी खरं सांगते, त्या सहा शब्दांत बकरी बसवता आली असती.

१० नोव्हेंबर २०२२. दुपारी छत्रीखाली मोबाईल प्रिंटरला टेकवून मी ते थेट प्रक्षेपण लावलं. साडेतीन तासांचं काम. त्यातली सत्तर मिनिटं ज्याची झडती त्या देशाची, उरलेली एकशे चाळीस बाकीच्यांची. बोलणारे देश एकशे तीस. भागाकार करा, एकेकाला मिनिटभर. ज्यानं आमच्या कोर्टातला सोमवारचा बोर्ड पाहिलाय त्याला हे नवं नाही. नंबर पुकारला, वकील उठला, दोन वाक्यं, तारीख, पुढचा नंबर. इथंही तसंच. कुणी इंग्रजीत, कुणी फ्रेंचमध्ये, घाईघाईनं वाचतंय, पहिलं वाक्य अभिनंदनाचं, दुसऱ्यात शिफारस. भारताच्या बाजूनं सॉलिसिटर जनरल तुषार मेहता होते. मी एकीकडे एका पुसदच्या गृहस्थाचं गहाळ गुणपत्रिकेचं शपथपत्र टाईप करत होते. ते म्हणाले, “क्रिकेट का?”

एकेक देश छळविरोधी करार पक्का करा म्हणत होता. लहान लहान देश, ज्यांची नावं मला नकाशात दाखवता येणार नाहीत. २००८ च्या पहिल्या फेरीत भारताला मिळून १८ शिफारशी होत्या, त्यात ही होती. २०१२ मध्ये होती. २०१७ मध्ये २५० शिफारशींत होती. आता ३३९ झाल्या, त्यातही होती. नंतर सरकारनं २२१ मान्य केल्या, उरलेल्यांची ‘नोंद घेतली’. जिनिव्हाच्या भाषेत नकार असा नसतोच, ‘नोंद घेतली’ असतं. ते वाचून मला आपल्या कार्यालयातली ‘दप्तरी दाखल’ आठवली. जगात सगळीकडे बाबू एकच.

पण दप्तरी दाखल झालेला कागद कधीतरी कुणाला सापडतो, हेही मी याच आवारात पाहिलंय. आणखी एक उदाहरण देते, यात मावशीच्या समाजाचाच संबंध आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे मागे उरले आणि बोट पुन्हा त्याच वस्त्यांकडे. २००७ मध्ये राष्ट्रसंघाच्या वंशभेदविरोधी समितीपुढे भारताची सुनावणी झाली. भारताचं म्हणणं असं की जात म्हणजे वंश नव्हे, हा विषय या समितीचा नाहीच. समितीनं ते ऐकलं नाही आणि बाकीच्या गोष्टींबरोबर सराईत गुन्हेगारांचे ते कायदे रद्द करा असंही लिहून ठेवलं. काय झालं? काही नाही. सतरा वर्षांनी, ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं तुरुंगांच्या नियमावल्यांमधले जातीवरून काम वाटायचे नियम घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरायच्या पद्धतीवरही बोट ठेवलं. जिनिव्हामुळे झालं असं मी म्हणणार नाही. एका पत्रकार बाईनं केलेल्या कामामुळे आणि याचिकेमुळे ते झालं. पण निकाल वाचताना मला २००७ चा तो परिच्छेद माहीत होता, एवढं खरं.

माझा मुलगा म्हणतो, आई, तू उगीच यात जीव अडकवतेस, त्यांच्याकडे ना पोलीस ना तुरुंग. हे त्याचं बरोबर आहे. सुदानच्या दारफूरमध्ये २००४ ला चौकशी आयोग गेला, त्यानं संशयितांची ५१ नावं बंद लिफाफ्यात घालून सरचिटणीसांकडे दिली. तो लिफाफा पुढे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे गेला, २००९ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष अल बशीर यांच्यावर वॉरंट निघालं. पुढची दहा वर्षं ते खुर्चीवरच होते. उत्तर कोरियानं तर २०१३ च्या आयोगाला पाऊलही ठेवू दिलं नाही. आयोगाच्या लोकांनी सोल, टोकियो, लंडन, वॉशिंग्टनला बसून ऐंशीच्या वर साक्षी उघडपणे घेतल्या. अध्यक्ष न्यायमूर्ती मायकेल कर्बी, ऑस्ट्रेलियाचे. दार उघडत नाही तर दारासमोर बसून लिहायचं. मुलाला म्हटलं, मीही तेच करते, फक्त छत्रीखाली.

मावशी या फेब्रुवारीत पुन्हा आली. पोराच्या जातीच्या दाखल्याचं काम होतं, वंशावळीचं शपथपत्र करायचं होतं. मी ओळखलं नाही, तिनं मला ओळखलं. केस पांढरे झालेत.

“त्या कागदाचं काय झालं जी?”

मी सांगितलं. तिथं बोलले. पुष्कळ देश बोलले. सरकारनं ऐकून घेतलं. कायदा झाला नाही अजून. पुढची पाळी आली की बोलावतील, तेव्हा पुन्हा विचारतील.

“तवा पुन्हा लिहा लागन?”

“हो. लिहावं लागेल.”

ती थोडा वेळ शपथपत्राकडे पाहत बसली. मी टेबलाखालच्या पेटीतून जुनी फाईल काढली. अकरा जणांचे मराठी जबाब माझ्याकडे आहेत. मुलीनं परत मागितले नव्हते, मीही दिले नव्हते. सातवा काढला. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं मी तेव्हाच तिचं नाव लिहून ठेवलं होतं. तिनं ते वाचलं, एकेक अक्षरावर बोट फिरवत.

“माहा नंबर बदलला,” ती म्हणाली. “पहिला फोन पोरानं पाडला. नवा लिहून ठेवा.”

मी नावाखाली नंबर लिहिला. तिनं वाचून दाखवायला सांगितलं. मी दहाही आकडे वाचून दाखवले.

“बराबर हाय,” ती म्हणाली, आणि शपथपत्राचे किती झाले ते विचारलं.